थोरल्या खिंडीतलं झाड

वर जाऊन आलेल्या माणसानं कसं दिसावं याची एक रीत असते, आणि जावयांनी ती पाळली नव्हती. बाईंची तक्रार इथून सुरू झाली.

बारा दिवस उंच डोंगरांत एकट्यानं मोटरसायकल हाकून परतलेला माणूस बाईंनी तीस वर्षं पाहिला होता. नाकाची साल निघालेली. ओठ फुटलेले. डोळ्यांभोवती चष्म्याची पांढरी वर्तुळं, बाकी तोंड तव्याच्या बुडासारखं. असा माणूस जेवायला बसला की बोलत नाही, नुसता गिळतो, आणि गिळता गिळता ताटावरच पेंगतो. जावई परवा आले ते गालांवर तुकतुकी घेऊन आणि कमरेच्या पट्ट्याचं एक भोक पुढं सरकवून.

"आई, काय सांगू, स्वर्ग आहे तिकडं," जावई दारातच म्हणाले.

"दिसतंय," बाई म्हणाल्या. "स्वर्गात खाण्यापिण्याची आबाळ झालेली नाही."

जावई हसले. सासू काहीही बोलली तरी ते हसायचे. लग्नाआधी दुकानात कपडे धुण्याची यंत्रं विकायचे, तेव्हापासूनची सवय. यंत्र न घेता गिऱ्हाईक परत गेलं असं कधी झालं नाही म्हणे. बाईंची लेकही त्या दुकानात यंत्र बघायला म्हणून गेली होती आणि येताना यंत्रासकट विकणाऱ्यालाही घेऊन आली.

खाली गॅरेज आणि वर घर, असा बाईंचा पसारा. गॅरेजच्या भिंतीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची पांढरी रेघ रंगवलेली, म्हणजे एखादा जागेवर नसला की भिंतच बोंब मारते. कोपऱ्यात काचेची खोली, तिथं संगणक आणि जावई. दरवर्षी इथून एकदा मोटरसायकलींची रांग डोंगरात जायची. पुढं वाट दाखवणारा, मध्ये गिऱ्हाइकं, शेवटी मदतीची गाडी. बाईंचा नवरा होता तोवर पुढं तो असायचा. तो गेल्यावर दोन वर्षं सहल बंद होती. यंदा जावयांनी आपल्या जिभेच्या जोरावर नऊ जण जमवले होते आणि पुढं राहायची जागाही स्वतःकडे घेतली होती. लेक त्यांच्या मागं, गिऱ्हाइकांना सांभाळत. मोटरसायकल जावयांपेक्षा ती दसपट चांगली चालवायची, पण नवऱ्याला हौस आहे म्हणून गप्प बसली. बाईंनाही ते खटकलं होतं. पण जावयाला नाही म्हणायचं तर कारण लागतं.

घरात एक नियम होता, आणि तो बाईंनीच घातलेला होता: जे चाकाखालून गेलं नाही ते वहीत जायचं नाही. जो पुढं राहणार त्यानं महिनाभर आधी एकट्यानं सगळी वाट करून यायची. रोज कुठून कुठं, किती वाजता, कुठं पेट्रोल, कुठं पाणी, कुठं झोपायचं ते तिथल्या तिथं लिहायचं. मग त्याची वही छापायची आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एकेक द्यायची. डोंगरात लोक त्या वहीवर देवासारखा विश्वास टाकतात, कारण विचारायला दुसरं कुणी नसतं.

तर जावयांची ती पाहणी झाली होती. वही तयार होती. गुरुवारी छापायला जायची होती.

बाईंची शाळा चौथीपर्यंत. वाचताना अक्षराखाली बोट धरायच्या आणि ओठ हलवायच्या. म्हणून त्या वाचतच नाहीत असा जावयांचा समज होता. मंगळवारी दुपारी ते काचेच्या खोलीत फोनवर कुणाला तरी "अहो, ढग खाली असतात आणि आपण वर" असं रंगवून सांगत होते, तेव्हा बाई बाहेर जुन्या टायरवर बसून त्यांची वही वाचत होत्या.

पहिले तीन दिवस बोट सरळ चाललं. चौथ्या दिवशी अडलं.

दुपारी चार: ओढा ओलांडणे. पाणी घोट्याइतकं. पाय सोडून थोडी विश्रांती, फोटो.

बाईंनी बोट मागं नेलं आणि पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

तो ओढा बाईंच्या ओळखीचा होता. नकाशावर निळ्या दोऱ्याएवढा. पण वर बर्फ आहे, आणि बर्फावर दिवसभर ऊन पडतं. सकाळी सहाला तिथं चिमण्या आंघोळ करतात. दुपारी चारला तोच ओढा मोटरसायकल माणसासकट उचलून नेतो आणि वर दगडही मारतो. तिकडं एकदा गेलेलं शेंबडं पोरही हे सांगेल. दुपारी चारला त्या ओढ्यात पाय सोडून बसलेला माणूस जगात एकच असेल, आणि तो वही लिहायला परत आला नसता.

बोट खाली गेलं. त्याच दिवशी रात्रीचा मुक्काम थोरल्या खिंडीच्या पायथ्याशी. म्हणजे सकाळी दरीत उठायचं आणि रात्री ढगांच्या वर झोपायचं. मध्ये विरळ हवेची अंगाला सवय व्हायला एक दिवसही थांबा नाही. बाईंनी वही मिटली, टायरवरून उठल्या आणि मिस्त्रींकडे गेल्या.

मिस्त्री बाईंच्या नवऱ्याच्या वेळचे. मदतीची गाडी तेच चालवायचे. आता ते एका इंजिनावर वाकले होते आणि बाई येताना पाहून जरा जास्तच वाकले.

"मिस्त्री, जावयांची गाडी तुम्हीच उघडलीत ना?"

"उघडली."

"काय सापडलं?"

"काही नाही. गाडी छान आहे."

"बारा दिवसांनी आलेली गाडी छान कशी असेल?"

मिस्त्रींनी हात पुसले. एक बोट पुसायला त्यांना नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. मग खणातून एक छोटी प्लास्टिकची पुडी काढून बाईंच्या तळहातावर ठेवली. वरच्या विरळ हवेत इंजिन पेट्रोल पिऊन गुदमरतं, म्हणून कार्ब्युरेटरमधला एक बारीक पितळी तुकडा बदलावा लागतो. वर बदलायला म्हणून जावयांना दिलेला तो तुकडा या पुडीत होता. पुडीचं तोंड मिस्त्रींनी स्वतः चिकटवलं होतं, तसंच चिकटलेलं होतं.

"हे मला कधी सांगणार होता?"

"जावई आहेत. तुम्हीच म्हणता, जावयाच्या वाटेला जाऊ नये."

"मी म्हणते. तुम्ही ऐकायला कधीपासून लागलात?"

मिस्त्रींनी पुन्हा फडकं उचललं. गॅरेजमध्ये बाईंना पाठीमागं 'हॉर्न' म्हणत, आणि ते नाव मिस्त्रींनीच ठेवलं होतं. हॉर्न वाजला की बाजूला व्हावं एवढं त्यांना कळत होतं. पण बाईंनी आवाज चढवला नाही. पुडी कमरेला खोचली आणि अशा काही गोड हसल्या की मिस्त्री दोन पावलं मागं सरकले.

"आज जेवायला वर या," बाई म्हणाल्या. "लवकर या. मजा आहे."

सरळ विचारलं असतं तर जावयांनी बोलून बोलून सासूलाच खोटं पाडलं असतं. बोलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तेव्हा बाईंनी ठरवलं, त्यांना बोलू द्यायचं. ज्याला पोहायची हौस आहे त्याला पाणी द्यावं.

दिवेलागणीला चौघं जेवायला बसली. बाईंनी जावयांना आग्रहानं दोनदा वाढलं. लेकीनं आईकडे एकदा नीट पाहिलं, कारण हा आग्रह तिच्या ओळखीचा नव्हता.

"जावईबापू, मला सगळं नीट सांगा हो," बाई म्हणाल्या. "माझं आता काही वर जाणं व्हायचं नाही. तुमच्या डोळ्यांनी तरी बघू द्या. पहिल्या खिंडीतला तो चहावाला आहे का अजून?"

"आहे ना."

"उलटी टोपी घालतो तो?"

"तोच. अजून उलटीच घालतो," जावई म्हणाले. "मला बघून हात केला."

पहिल्या खिंडीत चहावाला होता हे खरं. टोपी त्यानं जन्मात घातली नव्हती. मिस्त्रींनी ताटात पाहिलं.

"गुणाचा आहे. आणि ओढ्यावरचा तो पूल? पिवळा रंग दिला म्हणतात."

"भडक पिवळा, आई. डोळ्यांना खुपतो अगदी."

लेकीचा घास हातातच राहिला. त्या ओढ्यावरून ती दोनदा गेली होती, दोन्ही वेळा पहाटे उठून, पाण्यातून. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आई बटाटे वाढत होती.

"आता एकच विचारते," बाई म्हणाल्या आणि खुर्ची जरा पुढं ओढली. "थोरल्या खिंडीच्या माथ्यावर ते मोठं झाड आहे ना. आम्ही जायचो तेव्हा त्याच्या सावलीत बसायचो. तोडलं तर नाही कुणी?"

"तोडतील कसे? तिथली खूणच आहे ती." जावई आता रंगात आले होते. "मी त्याच्याखालीच डबा उघडला. नंतर तासभर आडवा झालो. काय गार सावली."

मिस्त्रींना ठसका लागला. ते खोकत खोकत खिडकीकडे तोंड करून बसले.

लेकीनं घास खाली ठेवला. आवाज आईपेक्षा मऊ काढला. "फळं होती का रे? मी गेले तेव्हा कच्ची होती."

"आता पिकायला आलीत."

"चाखलंस एखादं?"

"एक चाखलं. आंबटगोड लागतं."

मिस्त्री उठून स्वयंपाकघरात गेले. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, आणि ते उचलायला त्यांना फार वेळ लागला.

"जावईबापू," बाई म्हणाल्या, "त्या उंचीवर झाड सोडा, गवताचं पातं उगवत नाही. दगड आहेत आणि वारा आहे. आणि दगडांनासुद्धा तिथं राहायचं नाहीये, रोज थोडे खाली येतात."

जावयांचं तोंड उघडलं. ते उघडं तोंड आणि त्यातून शब्द नाही, हे या घरात पहिल्यांदाच घडत होतं. मग त्यांनी कोंबडं झाकायचा एक प्रयत्न केला. "म्हणजे, अलीकडं कुणीतरी लावलं असेल."

बाईंनी कमरेची पुडी काढून ताटाशेजारी ठेवली. बंद तोंडाची.

बाईंना वाटलं होतं, आता लेक हसेल. मस्करी अगदी ठरवल्यासारखी पार पडली होती. पण लेकीनं ती पुडी उचलली, उजेडात धरली, आणि तिचा चेहरा बदलला.

"मी तुझ्या मागं येणार होते," ती नवऱ्याला म्हणाली. "तू जाशील तिथं. नऊ माणसं घेऊन. दुपारी चारला त्या पाण्यात."

ती उठून जिन्याकडे गेली. पहिल्या दोन पायऱ्यांचा आवाज आला, तिसरीचा आला नाही. म्हणजे तिथंच बसली होती आणि ऐकत होती. बाईंनी ते जाणलं आणि आवाज थोडा मोठा केला.

"बोला. कुठवर गेला होतात?"

जावई कधी नव्हे ते खाली बघून बोलले. चौथ्या दिवशी दुसऱ्या खिंडीच्या अलीकडं गाडी धापा टाकायला लागली. तुकडा बदलावा म्हणून उतरले तर पुडी कुठं ठेवली ते आठवेना, आणि उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात जाईना. पाच मिनिटं त्याच्याशी मारामारी केली. डोकं असं ठणकत होतं की हेल्मेट काढवेना. मग हेल्मेटमध्येच ओकले.

"हेल्मेटमध्ये?" स्वयंपाकघराच्या दारातून मिस्त्रींनी विचारलं. "काच खाली होती का वर?"

"खाली," जावई म्हणाले.

मिस्त्रींनी मान हलवली. आपल्या माणसाकडे बघून हलवतात तशी.

"आणि मग?"

"मग वळलो. चालताना झोके जात होते, म्हणून गाडी हळूहळू दरीत उतरवली. खाली आलो आणि तासाभरात भूक लागली, आई. अशी भूक की लाजच वाटली. तुमच्या घरात सगळे वर जाऊन आलेले. बाबा तर खिंडीत गाणी म्हणायचे. मी कुठल्या तोंडानं परत येऊ? म्हणून खालच्या गावात खोली घेतली. रोज गावाभोवती फेऱ्या मारायचो, मीटर पळावा म्हणून. तिथली कुत्रीसुद्धा भुंकायची बंद झाली. पुढचं मग लोकांनी टाकलेले फोटो बघून लिहिलं."

बाईंनी ताटातलं खरकटं एका बाजूला लोटलं. नवऱ्याची गाणी. आता बोलायचं तर तीस वर्षांची झाकली मूठ उघडावी लागणार होती. मेलेल्या माणसाची अब्रू एका पारड्यात आणि जिन्यावर बसलेली लेक दुसऱ्यात. फार वेळ लागला नाही.

"मिस्त्री, खिंडीत गाणी कोण म्हणायचं ते सांगा यांना."

मिस्त्री चुळबुळले. "जाऊ द्या ना, बाई. गेलेल्या माणसाचं..."

"मग मी सांगते. आमच्या लग्नानंतरची पहिली फेरी. यांनाही घाई. एका दिवसात दोन दिवसांची चढण. थोरल्या खिंडीखाली हे गाणं म्हणायला लागले, तेव्हा मला कळलं की काहीतरी बिघडलंय, कारण एरवी या माणसानं कधी तोंडातून सूर काढला नव्हता. मग उतरून सरळ चालायला लागले, दरीच्या दिशेनं. मिस्त्रींनी धरलं. तेव्हा मदतीची गाडी नव्हती आणि मिस्त्रींच्या मागं सामान, म्हणून तंबूच्या दोरीनं माझ्या पाठीला बांधलं. मला गाडी नीट येतही नव्हती, फक्त थांबवता येत होती. तशी खाली आणली. सकाळी जागे झाले आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील? म्हणाले, तुला फार त्रास झाला का गं?"

मिस्त्री आता उघड हसत होते.

"पुढं तीस वर्षं जो भेटेल त्याला सांगायचे, बायको चक्कर येऊन पडली, मी पाठीला बांधून उतरवली. मी ऐकून घ्यायची. पुरुषाला एवढं तरी द्यावं लागतं."

जिन्यावरून लेक म्हणाली, "आई, बाबा म्हणायचे, दोरी तुला काचली म्हणून तू आठवडाभर रुसली होतीस."

"काचली ती त्यांना."

लेक वर आली आणि दारात उभी राहिली. हसू दाबायचा प्रयत्न करत होती, पण राग अजून उतरला नव्हता. जावयांना जरा धीर आला. चेहऱ्यावर दुकानातलं हसू फुटायला लागलं. "म्हणजे आई, असं कुणाचंही होऊ शकतं तर. मला वाटलं, माझ्यातच काही खोट आहे."

"थांबा. हसू नका एवढ्यात." बाईंनी वही उघडली आणि चौथ्या पानावर बोट ठेवलं. "तुम्ही पाहणीला याच बेतानं गेला होतात ना? याच दिवसांनी, याच मुक्कामांनी?"

"हो."

"या बेतानं तुम्ही हेल्मेटमध्ये ओकलात. मग परत येऊन हाच बेत नऊ जणांना लिहून दिलात?"

जावयांचं हसू मावळलं. त्यांनी बोटानं वहीचा कोपरा दुमडला, आणि मग जे बोलले ते दुकानातलं नव्हतं.

"मला वाटलं, बाकीच्यांना जमेल. मलाच जमत नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी किक मारून मारून दमलं आणि गाडी ढकलत निघून गेलं. लेकीनं कपाटातून पेन्सिल आणली आणि नवऱ्याच्या शेजारची खुर्ची ओढली, थोडी दूरच. वही आपल्याकडे घेतली. चौथ्या दिवसावर आडवी रेघ मारली. तिथं लिहिलं, दरीतच थांबणे, जवळच्या टेकडीवर चढून परत खाली झोपायला. मग पाचव्या दिवशी मुक्काम ओढ्याच्या अलीकडं. सहावा दिवस. ओढा, पहाटे सहा. मिस्त्रींनी पेट्रोलच्या डब्यांचा हिशोब पुन्हा बोटांवर केला आणि दोन डबे वाढवले. एका ठिकाणी लेक अडली. दुसऱ्या खिंडीच्या अलीकडं गाडी कुठं वळवता येते, हे तिला आठवेना. ती तिथं कधी थांबलीच नव्हती.

"तिसऱ्या मैलाच्या दगडाशी," जावई हळूच म्हणाले. "डाव्या हाताला सपाट जागा आहे. मी तिथं बराच वेळ बसलो होतो. फोनलाही तिथंच थोडी रेंज येते."

लेकीनं त्यांच्याकडे न बघता ते लिहून घेतलं. अख्ख्या वहीत एकट्या जावयांनीच नीट पाहिलेली तेवढी एकच जागा होती, आणि बापाला, लेकीला, मिस्त्रींना तीस वर्षांत ती माहीत नव्हती, कारण त्या घरातलं कुणी तिथून शुद्धीवर राहून परत फिरलं नव्हतं.

बाईंनी ते पाहिलं. वही मिटून स्वतःच्या मांडीवर घेतली. जावयांनी पाठ ताठ केली, निकाल ऐकायला उभं राहावं तशी.

"जावईबापू, गुरुवारी छापखान्यात काही जायचं नाही. सोमवारी तुम्ही दोघं निघा आणि हा नवा बेत चाकाखालून घालून या. सहलीत पुढं माझी लेक राहील. तुम्ही पुढच्या जागेचं नाव काढायचं नाही, यंदा नाही, आणि पुढच्या वर्षी मी जिवंत असले तर तेव्हाही नाही. तुम्ही सगळ्यात मागं, मदतीच्या गाडीत मिस्त्रींच्या शेजारी बसायचं. कोण जेवत नाही, कुणाचं डोकं धरलंय, कोण उगाच गाणी म्हणतंय, ते बघायचं. आणि तुम्ही 'उतरा' म्हणालात की त्यानं उतरायचं. मग तो गिऱ्हाईक असो, नाहीतर माझी पोटची पोर असो. या घरात वर जायला सगळ्यांनाच येतं. वेळेवर खाली यायची अक्कल तुम्हाला एकट्याला आहे, आणि तीच तुम्ही चोरीच्या मालासारखी लपवून ठेवलीत. आता ताट उचला आणि भांडी घासा."